दुखायचं थांबलं तेव्हापासून

चिलोएच्या पूर्वेकडची बेटं. महिन्यातून एकदा आमची लाँच येते.
ओहोटी असली की धक्का गाठत नाही,
मग लोक वल्ही मारत येतात, मांडीवर मुलं,
मुलांच्या मांडीवर बटाट्यांची पिशवी.
फी नसते. पिशवी असते.

आज पहिली योलांदा मान्सिया. काखेत तान्हा,
हाताला सहा वर्षांची रोसाउरा,
ओठ शिंपल्यासारखे मिटलेले.
"फोड आहे," आई म्हणाली, "पण दुखत नाही.
आधी दुखायचं. तीन रात्री घरात कुणी झोपलं नाही.
सासूबाईंनी मिठाच्या चुळा भरायला लावल्या, लवंग धरायला लावली,
चौथ्या दिवशी थांबलं. आणि हा उगवला.
दुखणं बाहेर पडलं, असं म्हणतात त्या."

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत.

दिवा वळवला. खालची डावी दूधदाढ, माथ्यावर काळा खड्डा,
आणि तिच्या पायथ्याशी हिरडीवर
मसुराएवढा फुगवटा, टोकाला पिवळा.
हलकेच दाबलं तर एक थेंब.
रोसाउरा छताकडे बघत राहिली. खरंच दुखत नव्हतं.

घरी चूल आहे ना, मी विचारलं, लाकडांची?
धूर धुराड्यातून जातो, डोळे चुरचुरत नाहीत,
म्हणून चूल विझली म्हणाल?
कीड नसेपर्यंत उतरली. नस मेली. मेलेली नस ओरडत नाही.
पुवाने हाडातून वाट काढली आणि इथे दार केलं.

"मग फोडूनच टाकू?"
धुराडं पुसल्याने चूल विझत नाही.
"गोळ्या?"
आठवडाभर. मग पुन्हा हेच.
मात्र गाल सुजला, सूज डोळ्याकडे चढली, ताप आला,
तर माझी वाट बघू नका, त्याच रात्री
मिळेल त्या होडीने कास्त्रोचं इस्पितळ.
"दुधाचीच तर आहे. पडणारच."
वीस वर्षं या एका वाक्यापुढे मी दातांच्या कण्या करते आहे.
खाली दुसरा आहे, बाई. मुळांच्या मिठीत निजलेला.
हे सगळं त्याच्या अंथरुणात झिरपतंय.

फॉर्मवर 'कारण' नावाचा रकाना आहे, बोटभर रुंद.
झोपताना काय देत होता?
ती खिडकीबाहेर बघायला लागली.
"बाटली. चार वर्षांची होईपर्यंत. साखरेचा चहा.
तिचा बाप सॅल्मनच्या पिंजऱ्यांवर रात्रपाळीला,
मी पहाटे चारला शिंपले सोलायला.
तिला निजवायला दुसरं काय होतं माझ्याकडे?"
मी लिहिलं: कीड.
बाकीचं रकान्यात मावलं नाही.

तान्ह्याने जांभई दिली. वरच्या हिरडीवर दोन पांढरे दाणे.
"यालाही?" तिचा आवाजच गेला.
नाही, नाही. हे आपले आपण जातील. नखही लावू नका.
मागच्या खेपेला एका पोराच्या हिरडीवर निळा फुगा होता,
खालून नवी दाढ वर येत होती, बस.
मी काही केलं नाही. त्याचा आजोबा रागावला,
एवढा वारा कापून आलो आणि काहीच नाही?
काही न करणं लोकांना पटवणं
दात काढण्याहून अवघड.

पण ही दाढ काढायचीच होती, वाचण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं.
सुई. थांबणं. रोसाउराने माझ्या एप्रनचं बटण पकडलं.
लाँच डोलत होती. दोन लाटांच्या मधे
समुद्र जरा श्वास घेतो, तेव्हा चिमटा फिरवला.
कापूस. चाव. अशीच चावून धर.
रिकाम्या जागेत शेजारचे दात सरकू नयेत म्हणून
पुढच्या महिन्यात तार बसवू, मी म्हणाले.
योलांदाने मान हलवली. पुढच्या महिन्यात हवा कशी असेल, कुणाला ठाऊक.

कापसाआडून रोसाउरा पहिल्यांदाच बोलली:
"उंदीर किडक्या दाताचे पैसे देतो?"
आईचे कान लाल झाले.
मी म्हणाले, मला माहीत नाही. उशीखाली ठेवून बघ.
तिने दाढ उलटसुलट करून पाहिली, कागदात गुंडाळली,
आणि दुकानदारासारखी मूठ मिटली.

होडी बरीच लांब गेली.
बटाट्यांची पिशवी माझ्या पायाशी.
आणि इथूनही दिसत होतं, तिचा डावा गाल
आतून हलतोय.
जीभ मोकळ्या जागेत जाऊन येते, पुन्हा जाते.